एकटा, वाळवंटात

हे नाव मी दिलेलं.
खालचा मजकूर जयवंत आग्रे यांचा,
एसी मेकॅनिक, सलमाबाद, बहरीन.
त्यांनी वर लिहिलं होतं ‘माझे काम’,
शाळेतल्या निबंधासारखं, खाली दोन रेघा मारून.

मंडळाची दिवाळी स्मरणिका, चौसष्ट पानं,
त्यातली एकवीस जाहिरातींची.
‘माझे काम’ कोण वाचणार, असं म्हणत मी
चहा संपायच्या आत
लाल पेनाने एक माणूस वाळवंटात नेऊन उभा केला.
शेजारी उंट. पाठमोरा. फुकटात मिळाला.

मग लोकांनी वाचलं.
वाचलं म्हणजे,
शीर्षकात जे होतं ते मजकुरात शोधत गेले
आणि शोधणाऱ्याला काय, सापडतंच.

लेखात होता जुलै, चौथा मजला,
आउटडोअर युनिटच्या मागे होल्याची दोन अंडी.
लेखात होती घरमालकीण उम्म जासिम,
जिला आग्र्यांनी आपल्या अरबीत सांगितलं,
‘एसी माफी, बेबी फी.’ एसी नाही, बाळं आहेत.
तर ती पोट धरून हसली,
आणि पंचवीस दिवस हॉलमध्ये बहिणीशेजारी झोपली.
इलियास होता, शाजी होता, नेपाळचा डंबर होता,
डोक्यावर ओले टॉवेल,
पहिलं पिल्लू शुक्रवारच्या आत उडतं की नाही
यावर एका शावर्म्याची पैज.

कारखानीस वहिनी ‘ओले टॉवेल’पाशी थांबल्या
आणि त्यांनी डोळे पुसले.
रिफाचे डॉक्टर चांदोरकर म्हणाले,
होला हे प्रतीक आहे, लक्षात आलं ना?
कुणी चकल्यांचा डबा पाठवला.
कुणी एक नंबर दिला,
मन मोकळं करायचं असेल तर.

गावी पुतण्याला कुणीतरी पानाचा फोटो धाडला,
अर्ध्याच पानाचा. नाव आणि उंट.
रात्री दोनला सुगंधा वहिनींचा फोन:
‘खोलीतून काढलं काय हो तुम्हाला?’

शुक्रवारी आग्रे आले, चकल्यांचा डबा घेऊन, अर्धा रिकामा.
रागावले नव्हते. ते जास्त वाईट.
‘साहेब, एकटा कुठे? चौघं होतो.
खाली म्हातारी, मागे होल्याची जोडी.
आणि वाळवंट म्हणाल तर
आमच्यासमोर टायरचं दुकान आहे.
अकरा वर्षांत उंट एकदाच पाहिला,
तोसुद्धा पिकअपमध्ये बसून चालला होता, ऐटीत.’

मी म्हटलं, माफी मागतो.
ते हसले. ‘इथं माफी म्हणजे नाही.
नाही मागून काय करणार?
चकली घ्या.’

तेव्हापासून मला तो दिसतो,
लग्नघराच्या दारात उभा एक शहाणा,
चप्पल काढणाऱ्या प्रत्येकाच्या कानात सांगतो,
जपून हं, आत रडारड आहे.
आत पत्त्यांचा डाव रंगलेला.
पण पाहुणा चेहरा पाडूनच शिरतो,
आणि हसणाऱ्यांकडे बघून म्हणतो,
बिचारे, किती धीराचे.

मीही तसाच शिरतो रोज.
सकाळी पेपर उघडला की
दोन ओळींत मला सांगितलेलं असतं
कुणावर चिडायचं आणि किती.
बाकीचं पान मी
पुराव्यासारखं वाचतो.

यंदा आग्र्यांनी तीन कागद दिले.
वरती चार बोटं जागा कोरी.
विसरलात का, मी विचारलं.
‘नाही. शेवटी आहे.
सहीच्या वर, बारीक अक्षरात.
पोचलात तर दिसेल.’

लाल पेन टेबलावर होतं. हात गेलाही.
शेवटचं पान उलटून पाहायचा मोह
मी कसा आवरला ते विचारू नका,
नीटसा आवरलाही नाही.
मग खुर्ची पुढे ओढली.

पहिली ओळ होती:
‘यंदा फोन उम्म जासिमनेच केला.’