तीन तुकडे

साठ तुकडे करतात इथे एका सेकंदाचे.
ठोसा दिसला, बोटाला कळलं, बटण दाबलं:
एवढ्यात पट्टीच्या खेळाडूचे पंधरा जातात,
माझे हल्ली बावीस.
ह्याचे तीन.
जिंकताना तीन, हरत आला तरी तीन,
शिंक येईल अशा वेळीही तीनच.

कोकुरा स्टेशनमागे, बंद गेम सेंटरच्या वरच्या खोलीत
रात्री दीडला मी तक्रारी आलेल्या लढती पाहते.
खाली माझा गल्ला होता, नोटा मोडून नाणी द्यायचे.
आता लढतीमागे नव्वद येन
आणि निवलेला जवाचा चहा.

नुसत्या वेगावर मी कुणाला धरत नाही.
तरणी पोरं अंदाज बांधतात, कधी लागतोही.
हरताना वायर उपटून पळणारे निराळे,
ते रडके, त्यांची नोंद आपोआप होते.
हा पळत नाही. पण कुठेतरी पाणी मुरतंय.

मग फुकुयामाच्या त्या मुलीने,
ओतोहा लिहिलंय तक्रारीखाली,
दुसऱ्या फेरीत भलतंच केलं.
पार पलीकडच्या भिंतीशी जाऊन
हवेत ठोसा मारला.
माशीलाही लागला नसता.
ह्याने तो अडवला.
तिने पुन्हा मारला. ह्याने पुन्हा अडवला.
सहा वेळा.
हात दाखवून अवलक्षण!
ह्याचा प्रोग्रॅम ठोसा वाचतो, अंतर वाचत नाही.
पोरगी हुशार. बहुतेक हसतही असेल.

वेळ टिपली, फॉर्म अर्धा भरला,

आणि तिसरी फेरी सुरू व्हायच्या आधी
तो दोनदा खाली बसला,
थांबला,
पुन्हा एकदा.
प्रोग्रॅमला ह्यात काय मिळणार?
चार नंबरच्या मशीनवरचा किरिशिमा,
दप्तर पायांत धरून, नाणं टाकलं की हेच करायचा.
उसने शंभर येन दुसऱ्या दिवशी
वहीच्या कागदात गुंडाळून आणायचा.

असेल दुसरा कुणी. सवयी लागतात एकमेकांच्या.
खेळ मागे नेला. मोजलं.
बसण्या-उठण्यात अकरा तुकडे, मग चौदा, मग नऊ.
एक आकडा दुसऱ्यासारखा नाही.
अख्ख्या लढतीत तेवढंच त्याचं स्वतःचं.

त्याला फॉर्ममध्ये रकाना नाही.
पुरावा: दुसरी फेरी, सहा ठोसे.
बंदी: कायमची.
पाठवलं.

पुढची लढत लागली, दोन अनोळखी नावं.
घंटा व्हायच्या आत
मी आधी त्यांचे गुडघे पाहिले.