साडेतीननंतरचं पुस्तक

बारापात्रे रात्री नऊला सायकल लावतात दारात.
कळमन्याच्या कोल्ड स्टोरेजवर दहाची ड्यूटी.
"झोप उडवणारं द्या जी काही.
मले साडेतीनले डुलकी लागते,
अन् साडेतीनलेच येते सुपरवायझर."

सक्करदऱ्यात एक गाळा, एवढंच माझं वाचनालय.
बाजूला पिठाची चक्की.
भीतीचा कप्पा नेमका तिच्या भिंतीला लागून,
म्हणून आमची भुतं जरा जास्तच पांढरी.

मे महिना. कूलर घरघरतोय, ओल्या वाळ्याचा वास.
पहिल्यांदा दिलं विहिरीचं.
अमावस्येला पोहरा वर येतो, तो केसांनी भरलेला.
ते वाचून मी आठवडाभर
मोरीतला दिवा मालवला नव्हता.
सकाळी परत. "गाळ काढत नसन कोणी," म्हणाले,
"आमच्या मोहल्ल्यातली बी तशीच."

मग टेलिफोन ऑपरेटर बाईचं, जिला
बंद पडलेल्या नंबरावरून
स्वतःच्याच आवाजात फोन येतो.
"बोलाव नं तिनं. सोताशी बोलाले वेळ कोणाले भेटते?"

मग ते घर, ज्यात दर रात्री एक खोली वाढते.
यावर मात्र ते थोडे हळवे झाले.
"आमच्याकडे वाढली असती
तं पोराचं लगन झालं असतं."

मी हरायला आलो होतो.
भीती सुचवणं म्हणजे नाडी बघणं,
हे मला मेडिकलच्या खोब्रागडे सिस्टरनी शिकवलं.
प्रेतं, शवागार, कापलेले हात
नाइट ड्यूटीत चघळत वाचायच्या, बडीशेपेसारखं.
आणि जत्रेत हरवलेल्या पोराची साधी गोष्ट
अर्ध्यावर आणून टेबलावर ठेवली,
पालथी.
"हे नको." बस, इतकंच.

तर बारापात्र्यांना शेवटी दिलं ते
बिनकव्हराचं, पहिली सोळा पानं गेलेलं,
लेखक कोण, ठाऊक नाही.
माझ्याआधी काका बसायचे इथे, त्यांच्या काळातलं.

चार दिवस सायकल आली नाही.
पाचव्या दिवशी आली, भर दुपारी, शेहेचाळीस डिग्रीत.
"झोप नाही आली जी."
कुठल्या पानाला?
त्यांनी पुस्तक उलटं केलं, मागचं पुठ्ठं उघडलं.
तिथे काकांची तारखांची चिठ्ठी, जांभळे शिक्के.
काका नंबर लिहीत नसत, नावं लिहीत.
वरून सहावं नाव:
सौ. शकून बारापात्रे.

बाई जाऊन आठ वर्षं झाली.
"सव्वीस वर्सं संसार केला," ते म्हणाले,
"तिले वाचता येते, हेच मले ठाऊक नोतं.
मी रात्रपाळीले जाओ.
मले वाटे, ती झोपते."

चक्की बंद झाली तेवढ्यात.
कूलरचं पाणी संपून नुसता पंखा फिरत होता.

"तिनं नेलेली सगळी काढा."
अकरा निघाली.
विहीर होती. ऑपरेटर बाई होती.
वाढत्या खोलीच्या घरात
एका पानाचा कोपरा दुमडलेला,
त्यावर हळदीचा अंगठा.
त्यांनी तो उलगडला नाही.
जिथून ती थांबली, तिथून वाचतो म्हणाले.

आता साडेतीनला सुपरवायझर टॉर्च मारतो
तेव्हा बारापात्रे जागे असतात,
संत्र्यांच्या रिकाम्या पेट्यांवर, ओठ हलवत.
तो म्हणे, परवा विचारत होता,
रात्रीचं कोणाशी बोलता?

कोणी विचारलं, सर्वांत भीतिदायक कोणतं,
तर मी आता कप्प्याकडे हात करत नाही.
काकांचं जुनं रजिस्टर गल्ल्याखाली आहे,
लाल कापडात बांधलेलं.
माझी आईही याच गल्लीत राहायची,
वडील फिरतीवर असायचे.
गाठ दोनदा हातात घेतली.
सोडली नाही.
गाळ्याचा दिवा मात्र
त्या रात्रीपासून चालूच ठेवतो.