पेन्सिलीनं आखलेलं वर्ष

मोंटानातला ऑगस्ट. कोंबड्या खुराड्यात गेल्या.
टेबलावरचे भोपळे सरकवून मी वर्ष आखतेय:
ऑक्टोबरात अपूर्णांक, नाताळापर्यंत दशांश,
खिंडीत बर्फ साचून रस्ता बंद झाला
की भूमिती.
काउंटीच्या फॉर्मवर इयत्ता विचारलीय.
थीआ नऊ वर्षांची. ती चौकट मी कोरीच ठेवते.

अपूर्णांक तर तिनं जूनमध्येच संपवले,
पाव कापता कापता, कुणी न सांगता.
आता तिला क्ष हवाय.
तीनचा आकडा मात्र अजून उलटा काढते,
बुटाची नाडी मलाच बांधावी लागते,
आणि कोल्ह्यानं नेलेल्या तांबड्या कोंबडीसाठी
परवा रात्रभर रडली.
हिला बसवू कुठल्या इयत्तेत?

मला बीजगणितानंच शाळेबाहेर काढलं होतं.
म्हणून ती झोपली की मी एक धडा पुढे जाऊन येते,
चोरपावलांनी,
आदल्या दिवशी वाट बघून ठेवावी तशी.
चौदाव्या धड्यात अडकले.
वही तशीच उघडी टाकून झोपले.

सकाळी माझ्या खाडाखोडीखाली
उलट्या तिनासकट उत्तर,
आणि कडेला बारीक अक्षरात:
ममा, इथे चिन्ह बदलतं.

मी नोव्हेंबर खोडते. मग डिसेंबर.
रबराचा चुरा झटकून
दाणे घालायला बाहेर जाते.
ती मागून ओरडते, नाडी!