जोडपीस

आमच्या संस्थेला अजून लेटरहेड नाही.
नावावरून दोन बैठका मोडल्या,
तिसरीत चहा तेवढा झाला.
कन्ना चौकामागे, बंद पडलेल्या मागाच्या खोलीत
चार पिंजरे, एक फ्रीज, त्यात औषधं आणि उंदीर,
आणि भिंतीला जेकार्डाची भोकं पाडलेली पुठ्ठी,
कोणत्या चादरीवरचा कोणता मोर
आता कुणालाच वाचता येत नाही.

संक्रांत होऊन तिसरा दिवस,
गड्ड्यातले पाळणे अजून फिरत होते,
एक पोरगा तिला टॉवेलात गुंडाळून घेऊन आला.
लग्गड ससाणा. मादी. उजवा पंख.
मांजा हाडापर्यंत.
टाके डॉक्टरांनी घातले,
पण चार मोठी पिसं अर्ध्यावर तुटलेली,
नवी यायची तर पावसाळा उजाडणार.
तोवर ही आकाश विसरंल,
म्हणाले इक्बालचाचा मीरशिकार.

आडनावातली शिकार कायद्याने गेली,
आजोबांच्या हातमोज्याला कसर लागली.
उरलं ते बोटांना ठाऊक असलेलं:
डोळ्यांवर टोपी कशी चढवायची,
मूठ किती वेळ हलवायची नाही.
"पाळायचं नाही हां," दर वेळी बजावतात,
आम्हाला की स्वतःला,
"सोडण्यापुरतंच शिकवायचं."

मग अंबूबाई गज्जम यांनी डबा काढला.
बिस्किटांचा, पत्र्याचा. आत कागदात पिसं, तारखेनिशी.
दोन उन्हाळ्यांमागे होटगी रोडच्या तारेवर
एक लग्गड जळाली होती,
तिचा उजवा पंख तेवढा शाबूत राहिला होता.

चाळीस वर्षं विड्या वळलेली बोटं.
बांबूची सळई सुईएवढी तासली,
अर्धी या पिसाच्या पोकळीत,
अर्धी त्या पिसाच्या,
मध्ये थेंबभर डिंक.
"कदलोद्दु," म्हणाल्या तिला.
घरात नातवाचं जावळ काढताना म्हणतात तसं.

पुढे नऊ आठवडे पायाला लांब दोरी.
सूत इथलंच, यंत्रमागावरून मागून आणलेलं,
रोज दहा पावलं जास्त.
दोऱ्यानेच कापलं होतं तिला,
हे कुणी बोललं नाही.

मार्चअखेर, नान्नजचा माळ.
वनखात्याची जीप दीड तास उशिरा.
सह्या झाल्या. शिक्का घरी राहिला होता.
चाचांनी टोपी काढली, मूठ उघडली.

गेली.
मागे बघण्याबिघण्याचं काही नाही.
वळताना उजव्या पंखात चार पिसं
जराशी फिकट दिसली, तेवढंच.
चाचा बराच वेळ हात तसाच धरून उभे.

रात्री नोंदवही. रकाना सातवा, अंतिम स्थिती.
मी लिहिलं: सोडली.
मग दोन वर्षांमागचं पान काढलं,
जिथे माझ्याच अक्षरात 'मृत' होतं,
आणि पेनाचं टोपण उघडून बसलो.
अंबूबाई म्हणाल्या, काय झालं?
काही नाही, म्हटलं,
रकाना लहान आहे.