उरलेल्या कॅप्सूल

दर सहा आठवड्यांनी डब्या परत येतात.
मी झाकण उघडते, ट्रेमध्ये ओतते
आणि न गिळलेल्या कॅप्सूल मोजते.
माझं पोटापाण्याचं काम हेच.

आत काय, ते मलाही ठाऊक नाही.
कुठल्याशा झाडाच्या सालीचा अर्क असेल,
नाहीतर नुसतं मक्याचं पीठ.
खरं काय ते सान्तियागोच्या एका कपाटात,
लाखेनं बंद केलेल्या लिफाफ्यात.
आम्ही इथे वाल्पाराइसोत फक्त मोजतो:
कंबर, साखर, चरबी, पावलं.

एर्मेलिंदा ओयार्सून, वय अठ्ठावन्न,
पहाटे तीनला बेकरीत कणीक तिंबणारी.
आहाराच्या वहीत तिचं अक्षर वळणदार:
पाव. पाव. उकडलेला भोपळा, तुम्ही सांगितला म्हणून.
अर्धा पाव, जळका होता, टाकवेना.

मार्चमध्ये टेकडीवरची केबल-लिफ्ट बंद पडली.
लाकडी डबा मधेच लटकलेला,
आत कुणाचीतरी भाजीची पिशवी तशीच.
तेव्हापासून दोनशे चौदा पायऱ्या, दिवसातून दोनदा,
आणि सोबतीला एक लंगडं कुत्रं
जे तिच्याआधी थकतं.

जूनमध्ये आली तेव्हा
कंबर चार सेंटिमीटरनं उतरलेली.
डॉक्टर इबाकाचे पेन टेबलावर वाजवत म्हणाले,
खऱ्या कॅप्सूलवाली दिसते ही.
ते गेल्यावर मी डबी ओतली.
चौऱ्याऐंशी दिल्या होत्या.
चौऱ्याऐंशी परत.
पुन्हा मोजल्या.

एकही नाही?
नाही गं. घशाखाली उतरत नाही असलं काही.
मग येतेस कशाला, एवढी टेकडी उतरून?

ती खिडकीतून बंदराच्या क्रेनकडे बघत राहिली.
तू पट्टी लावतेस ना,
तेव्हा हात मागून फिरवून पुढे आणतेस.
सात वर्षं झाली,
दुसऱ्या कुणी माझ्या कंबरेला हात घातलेला नाही.
पोटात ठेव हे.

ठेवलं.
पण आकडा खोटा लिहिता येत नाही.
फॉर्मवर विचारलं होतं, न घेण्याचं कारण:
विसर. मळमळ. प्रवास. इतर.
मी ‘इतर’वर खूण केली.
पुढे तपशिलासाठी
दोन बोटं जागा होती.

मग पट्टी पुन्हा उचलली.
म्हटलं, मघाचा आकडा नीट आला नाही बहुतेक,
हात वर कर.