तीन पंचमांशाचा पाढा

पुस्तकात प्रकरणाचं नाव 'राष्ट्रउभारणीचे महत्त्वाचे टप्पे'.
अठराशे वीसपर्यंत येतं, मग परीक्षा.
बावीस वर्षं शिकवतोय पाचपावलीच्या नाइट कॉलेजात,
सतराशे सत्याऐंशी दातांवर
चुन्यासारखं बसलेलं.

एप्रिल संपत आलेला. साडेसातलाही
खिडकी उघडावी तर झळ आत येते.
खिडक्या बंद, कूलरच्या टाकीत पाणी नाही.
मी म्हणालो, असाच उन्हाळा होता फिलाडेल्फियात,
अशाच बंद खिडक्या,
आतलं बोलणं बाहेर जाऊ नये म्हणून.
घामानं निथळत बसले होते सगळे
आणि कागदाच्या माथ्यावर लिहीत होते, 'आम्ही लोक'.
वर्ग हसला.
घामाचं तेवढं पटलं त्यांना.

मग फळ्यावर अपूर्णांक काढला.
वर तीन, खाली पाच.
दक्षिणेच्या मालकांना शिरगणती हवी होती गुलामांसकट,
उत्तरेला नको होती,
मधला भाव ठरला:
पाच माणसं धरायची, तीन लिहायची.
लिहून घ्या, पाच मार्कांना येतं.

बाबांनी माझ्याकडून घोकून घेतली होती
पावकी, निमकी, पाऊणकी,
सवायकी, दीडकी, साडेतिनाची औटकीसुद्धा.
हा पाढा त्यात नव्हता.

तिसऱ्या बाकावरून उत्पला गजभिये,
दिवसा मेडिकल चौकात झेरॉक्सचं मशीन चालवते,
"सर, मंग त्या तिघाइचं मत कोन देये?"
कोणीच नाही. मत मालकाचं.
"म्हंजे मोजलं याइले, अन् वजन वाढलं त्याचं."
हो.
तिनं ते वहीत उतरवलं, आणि मान खालीच ठेवून,
"माह्या आजोबाले मिलमंदी कताईत घेतलं होतं.
विणाईत नाही घेतलं.
धोट्यातून सूत तोंडानं ओढा लागे न सर,
यायची थुंकी लागंन म्हने कापडाले.
विणाईत पगार दीडपट होता."
मोबाइलवर बोटं फिरली.
"दोन तृतीयांश.
त्याइच्यापेक्षा जराकसं जास्तच पडते."

कोणी हसलं नाही.

मी पराते.
माझे आजोबा त्याच मिलमध्ये, विणाईत.
त्यांच्या पुढच्या दाताला सुतानं खाच पडली होती.
लहानपणी आम्ही भावंडं आळीपाळीनं
त्या खाचेत नख घालून पाहायचो,
आणि शाळेत सांगायचो, आमच्या आजोबांचा दात
मिलनं कापलाय.
अभिमानानं सांगायचो.

हे मी वर्गात बोललो नाही.
म्हणालो, पुढचा टप्पा. सतराशे त्र्याण्णव.
कापसातून सरकी वेगळी करणारं यंत्र.
मागचा हिंगणघाटचा पोरगा म्हणाला, जिनिंग, सर.
हो, जिनिंग.
वाटलं होतं हात कमी लागतील.
उलट कापूस वाढला, आणि माणसं
आणखी महाग विकली गेली.
अठराशे आठ, बाहेरून जहाजं आणायला बंदी.
आतला बाजार चालू.
अठराशे वीस, नकाशावर आडवी रेघ,
खाली चालेल, वर चालणार नाही,
आणि रेघेच्या वरचं एक राज्य तरीही चालेल.
रेघ मी पट्टीनं काढली.
सरळ आली.

मिलच्या कताईतून विणाईत जायला
किती पावलं लागायची, कोण जाणे.
एकच दार असेल मधे.
आजोबांनी कधी सांगितलं नाही.
मीही विचारलं नव्हतं.

चाचणीचे पेपर घरी आणलेत.
प्रश्न दुसरा, पाच मार्क.
उत्पलानं सनावळी चुकवलीय एका ठिकाणी,
शेवटचा मुद्दा लिहिलेलाच नाही,
त्याऐवजी एकच ओळ,
'हिशोब बरोबर आहे, वही दुसऱ्याची आहे.'
नियमानं याला तीन पडतात.

तीन लिहून खाली रेघ मारायची,
रेघेखाली पाच.
लाल पेन उघडाच आहे केव्हाचा.
आतून बायको विचारतेय,
जेवायला वाढू का.