अर्धा तारा

आमचा शुक्रवार गुरुवारी सकाळीच उजाडतो.
अंधेरीत, एका स्टुडिओच्या तळघरात
एकवीस खुर्च्या, त्यातल्या नऊ भरलेल्या,
आणि एसी असा की पहिल्या मारामारीपर्यंत
कुणी ओढणी, कुणी जाकीट, कुणी चक्क लॅपटॉपची पिशवी
अंगावर ओढून बसलेलं.
मध्यंतरात समोसे. निर्मात्याचा माणूस
दारात उभा राहून आमचे चेहरे चाचपतो.
आम्ही समोशाकडे बघतो.

घरी दुसरा शुक्रवार ताटकळत असतो:
मोबाइलवर पासवर्ड, रात्री बाराला उघडणारी लिंक,
आणि प्रत्येक दृश्यावर आडवं, फिकट,
माझंच नाव छापलेलं, यामिनी वेलकर, यामिनी वेलकर,
चोरी होऊ नये म्हणून.
नायिका गच्चीच्या कठड्यावर चढते
तेव्हा तिच्या कपाळावरून मी सरकते.
पोलीस पंचनामा करतात, तिथंही मी.
अर्ध्या तासानं वेग दीडपट करते;
मग दुःखसुद्धा भराभर बोलायला लागतं,
चिमण्यांसारखं.

सहाला मजकूर. तीनशे शब्द.
'नेत्रसुखद छायांकन', 'उत्तरार्धात पकड सुटते',
हे मी झोपेत लिहू शकते. लिहिलंही आहे.
मग तारे. पाचातले अडीच.
उपसंपादक वरदे म्हणतो, बाई,
दोन म्हणजे पडेल, तीन म्हणजे चालेल,
हा मधला अर्धा कुणाच्या बापाचा?

सांगते.

ताडदेवच्या थिएटरात (आता तिथं गाद्यांचं दुकान आहे)
आत्माराम घाग बॅटरी घेऊन उभे असायचे,
एकतीस वर्षं, पडद्याकडे पाठ करून.
सिनेमा ते बघायचेच नाहीत.
मी नवी. अंधारात वहीत लिहायचे,
ओळीवर ओळ चढायची.
एकदा उजेड माझ्या वहीवर टाकून म्हणाले,
काय खरडताय? तोंडं बघा लोकांची.
स्टॉलमध्ये कोण खुर्ची वाजवतंय,
कोण शेंगा सोलायचं थांबलंय.
शेंगा थांबल्या की समजायचं,
काहीतरी झालं.

आता कांदिवलीच्या या खोलीत
मध्यरात्री मधूनच ते चाक फिरू लागतं, पडदा काळा होतो,
आणि त्यात एकच तोंड उरतं, चष्म्यासकट.
ते काही मला वाचता येत नाही.

पण परवाच्या त्या अडीचवाल्यात,
नाव सोडा, सोमवारी कुणाच्या लक्षात नसेल,
नायक बापाच्या प्रेतापाशी मोठमोठ्यानं बोलत होता
आणि मागं, धूसर,
शेजारीण झालेली कुणी ज्युनिअर आर्टिस्ट
जमलेल्यांना चहा देत होती.
एक कप कमी पडला.
तिनं माणसं मोजली. पुन्हा मोजली.
मग ओठाला लावलेला आपला कप
बादलीत विसळून पुढं केला.
हे तिला कुणी सांगितलेलं नसणार.
दिग्दर्शकाला बहुधा दिसलंही नाही.

मी मागं गेले. वेग एकपट केला.
तिच्या हातावरून माझं नाव जायला लागलं तर
मी मोठ्यानं म्हटलं, सरक की गं बाजूला.
पुन्हा पाहिलं. पुन्हा.
कधी तरी लक्षात आलं,
मुठीतले चुरमुरे मुठीतच आहेत, दमट झालेले.

हे सगळं मी शेवटच्या परिच्छेदात लिहिलं होतं, वरदे.
तिचं नाव शोधायला निर्मात्याच्या माणसाला तीन फोन केले.
तो म्हणाला, कोण बाई? कुठला चहा?

सकाळी पेपर उघडला
तर त्या जागी कर्जतच्या सेकंड होमची जाहिरात,
डोंगर, पोहण्याचा तलाव, सुलभ हप्ते.
वर तारे तेवढे शाबूत.
अडीच.